शमिता आणि मृत समुद्र

पृथ्वी टिकावी म्हणून उत्पादन व वापर कमी करावा लागेल काय, की यंत्रे सुधारली म्हणजे पुरे? आपल्या तोरेत या प्रश्नाजवळ जाणारी एक आज्ञा आहे. व्यायिक्राच्या 25व्या अध्यायात सातवे वर्ष जमिनीच्या विसाव्याचे सांगितले आहे. त्या वर्षी पेरणी नाही, छाटणी नाही. आपोआप उगवेल त्यात घरधनी, चाकर, परका आणि जनावरेही वाटेकरी. जमीन थकली तरच विसावा, अशी अट नाही. पीक भरघोस आले तरी थांबावयाचेच. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले तेही थांबण्यावरूनच. गिऱ्हाईक असो वा नसो, शब्बाथला घाणा बंद!

आता मृत समुद्राकडे पाहू. पाणी वाचविण्यात इस्राएलने कसूर केलेली नाही. 1965 साली किबुत्झ हत्झेरीममध्ये ठिबक सिंचनाचा कारखाना निघाला. आज सांडपाण्यापैकी सुमारे नव्वद टक्के शुद्ध करून पुन्हा वापरतात. 2005 पासून अश्कलोनला समुद्राचे पाणी गोडे केले जाते. तरीही मृत समुद्र दरवर्षी सुमारे एक मीटर खाली जातो. 1960च्या सुमारास त्याचे पाणी सागरपातळीखाली 395 मीटरांच्या आसपास होते; आता ते 430 मीटरांच्याही खाली गेले आहे. यार्देन व तिच्या उपनद्यांचे पाणी इस्राएल, जॉर्डन आणि सीरिया वरच्यावर उचलतात. दक्षिणेस इस्राएल व जॉर्डन येथील कारखाने पोटॅश खतासाठी खारे पाणी उथळ तळ्यांत आटवितात. पाणी मागे हटले की जमिनीखालचे मिठाचे थर गोड्या पाण्याने विरघळतात, आणि किनारा खचतो. असे हजारो खड्डे पडले आहेत.

ठिबकाने एका झाडामागे पाणी वाचते खरे. पण वाचलेल्या पाण्यावर दुसरे रान ओलिताखाली आणले तर नदीच्या वाट्याला काय आले? म्हणून यंत्राबरोबर मर्यादाही हवी, असे आम्हांस वाटते. गरिबाच्या ताटातली भाकरी कमी करा, असा याचा अर्थ नव्हे. शमितेत त्याचा वाटा राखलेलाच आहे. पोटॅशही दूरदूरच्या शेतांना लागते, हे आम्ही विसरत नाही.

5782 च्या शमितेत (2021-22) पुष्कळ शेतकऱ्यांनी जमीन नावापुरती परक्यास विकून पेरणी चालू ठेवली. त्यांना हसू नये. कर्ज आणि बाजार सातव्या वर्षीही थांबत नाहीत. परंतु सदोमच्या कारखान्यांना सरकारने दिलेला परवाना 2030 साली संपतो. नव्या परवान्यात वर्षाला किती पाणी उपसावे याचा आकडा घातला जावा, आणि तो आजच्यापेक्षा कमी असावा.