जास्त ऑक्टेनचे जादा पैसे कुणी मोजावेत?

पंपावर गाडी उभी राहिली की विचारणा होते, ‘साधं की पॉवर?’ आपण घाईत मान डोलावतो आणि लिटरमागे सात-आठ रुपये जादा जातात. ते द्यायचे की नाही, याचं उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाब वाढला तरी ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधी आपोआप पेट न घेण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ती कमी पडली की चढावर इंजिनातून टकटक (नॉकिंग) ऐकू येते. मॅन्युअल ९१ मागत असेल आणि इंजिन टकटकत नसेल, तर त्याहून वरचं पेट्रोल भरून ओढही वाढत नाही नि अ‍ॅव्हरेजही.

हिशेब मांडून बघा. स्कूटर महिन्याला हजार किलोमीटर फिरते, लिटरला ४५ देते, म्हणजे साधारण २२ लिटर लागतात. लिटरमागे ८ रुपये जादा धरले तर महिन्याचे १७६, वर्षाचे २,११२ रुपये. साधं पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर हे पैसे वसूल व्हायला अ‍ॅव्हरेज ४५ वरून साडेअठ्ठेचाळीसवर जायला हवं. तसं होत नाही. १०० ऑक्टेनचं पेट्रोल तर साध्याच्या दीडपटीहून महाग; रोजच्या गाडीला त्याची गरजच नाही.

शिवाय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे २० टक्के इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचंही ऑक्टेन ९५पर्यंत गेलं आहे. मग ९५चं प्रीमियम घेताना तुम्ही मुख्यतः इंजिन साफ ठेवणाऱ्या रसायनांचे पैसे मोजता. ज्या टर्बो, आयात केलेल्या किंवा मोठ्या स्पोर्ट्‌स बाइकच्या मॅन्युअलमध्ये ९५ किंवा ९७ स्पष्ट लिहिलं आहे, त्यांनी मात्र तिथे काटकसर करू नये. नॉकिंगने पिस्टनचं नुकसान होतं.

बोटवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. आउटबोर्ड इंजिनाच्या अमेरिकी मॅन्युअलमध्ये ८७ दिसलं तर गोंधळू नका. तिकडची मोजणी वेगळी, आपल्याकडे ते साधारण ९१ होतं. खरी काळजी इथेनॉलची. बऱ्याच आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवून घेतात आणि पंपावर मिळतं २० टक्क्यांचं. इथेनॉल पाणी ओढतं. खाऱ्या दमट हवेत टाकी अर्धी राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी बसतात, आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घसरतं. प्रीमियम भरून हे टळत नाही. म्हणून तुमच्या मॉडेलला २० टक्के चालतं का, हे डीलरकडून लेखी घ्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, आणि १ जूनला मासेमारीबंदी लागून बोट किनाऱ्यावर ओढण्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा.