विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

तांबडी रक्तपेशी गोल असते. परंतु १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातील विळ्यासारख्या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरूनच या रोगास ‘सिकल सेल’ हे नाव पडले.

दोष असतो हिमोग्लोबिनमध्ये. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमायनो आम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. फरक एवढाच! परंतु प्राणवायू सोडल्यावर असे रेणू एकमेकांस चिकटतात आणि पेशी ताठ व वाकडी होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्तक्षय आणि कावीळ होते. सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्या की असह्य वेदना होतात.

हा रोग स्पर्शाने होत नाही, तो आनुवंशिक आहे. सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आले, तर व्यक्ती केवळ वाहक असते व सहसा निरोगी राहते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याच्या वेळी ती कमी होत नाही.

विदर्भात व नंदुरबारकडे असे वाहक पुष्कळ आहेत. वाहक असणे हा कलंक नव्हे. पण ते ठाऊक नसणे मात्र घातक ठरते. मित्रहो, संततीच्या काळजीने आपल्याकडे पत्रिकेतील नाडी पाहतात. त्याच काळजीने लग्नापूर्वी रक्तही तपासून घ्यावे.