जुने आरपीजी आज खेळावेत का?

प्रश्न : मुलाने प्लेस्टेशन ५ घेतलाय. मलाही आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) खेळून बघायचेत. जुन्या कन्सोलवरचे खेळ आता रटाळ वाटतील का?

उत्तर : सगळे नाही. १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’ निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलचा. पण त्यातली पिक्सेलची चित्रं अजून ताजी दिसतात, लढाई चालत्या नकाशावरच जुंपते आणि शेवटही एक नाही, अनेक. याउलट १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’. कार्ट्रिजमध्ये मावेना म्हणून ही मालिका निन्टेन्डो सोडून प्लेस्टेशनवर आली, तीन सीडींवर. कथा जबरदस्त, पण त्यातली ठोकळेबाज माणसं बघून आज हसू येतं. (तेव्हा आम्ही डोळे विस्फारून बघायचो!) थ्रीडीची ती पहिली पिढीच सर्वांत लवकर म्हातारी झाली, असं माझं मत. सुरुवात ‘क्रोनो ट्रिगर’नेच करा, तो मोबाइलवरही मिळतो.