अकरा महिन्यांचाच करार का?

प्रश्न : माझा मुलगा मुंबईत लोअर परळला नोकरीला आहे. तिघे मित्र मिळून एका टॉवरमध्ये अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहतात. किराया महिना 90,000, डिपॉझिट 3 लाख. करार वाचला तर मुदत फक्त अकरा महिन्यांची, आणि पोराला किरायदार म्हटलेलंच नाही, ‘लायसन्सी’ लिहिलंय. बारा महिने का नाही? उद्या मालकानं निघा म्हटलं तर?
— एक वाचक, उमरी (जि. नांदेड)

उत्तर : अकराचं मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, असं त्याचं कलम 17 सांगतं. अकरा लिहिले की कचेरीची फेरी वाचायची, म्हणून हा आकडा देशभर रुळला. महाराष्ट्रात मात्र त्याचा हा उपयोग 31 मार्च 2000 लाच संपला. त्या दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्यानं सांगितलेल्या अटीच खऱ्या धरल्या जातात. ही तरतूद तुमच्या मुलाच्या बाजूची आहे. ती घराघरांत माहीत असायला हवी.

मग ‘लायसन्सी’ कशाला? याचं उत्तर मुंबईच्या जुन्या भीतीत सापडतं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणं फार अवघड केलं. त्यातून वाट काढायला मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’ करू लागले. त्यात घराचा ताबा कायद्यानं मालकाकडेच राहतो, समोरच्याला फक्त राहायची परवानगी मिळते. पण 1973 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे अशा परवानगीवर राहत होते, ते भाडेकरू ठरले. एका तारखेनं हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर पक्कं झालं, हे चांगलंच झालं. त्याच तारखेनं मालकांच्या मनात धास्तीही बसवली. रिकामा फ्लॅट कुलूप लावून ठेवू, पण भाड्यानं देणार नाही, असं म्हणणारी माणसं मी मुंबईत भरपूर पाहिली आहेत. थोडी मुदत आणि ‘लायसन्सी’ हा शब्द, दोन्ही त्या धास्तीतून आले.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळी घडली. उमरी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. मराठवाड्याला 1954 चा हैदराबाद घरभाडे कायदा लागू होता आणि 1956 मध्ये राज्यं बदलली तरी तो कायदा 2000 पर्यंत चालू राहिला. मोंढ्यामागची खोली आजही एक महिन्याचा ॲडव्हान्स आणि तोंडी शब्दावर मिळते. तुम्हाला तो कागद परका वाटला तो यामुळेच.

मुंबईतल्या अशा एका कराराच्या नोंदणीला मी परळला बसलो होतो. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन थेट फ्लॅटवरच आला. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. आयुष्यभर भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, अंगठा काही जुळेना. एजंटनं पदर मागून तो पुसला, पुन्हा टेकवला, मग दुसरं बोट, मग तिसरं. सातव्या वेळी हिरवा दिवा लागला तेव्हा बाईंनी एजंटकडे बघून हात जोडले. खाली गिरणीची जुनी चिमणी दिसत होती.

आता खर्चाचं. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक डिपॉझिटच्या वार्षिक 10 टक्के व्याजावर, 0.25 टक्के लागतं. तुमच्या मुलानं 24 महिन्यांचा करार केला असता तर 21,60,000 आणि व्याजाचे 60,000 मिळून 22,20,000 वर 5,550 रुपये, शिवाय नोंदणी फी 1,000. तिघांत वाटून घ्यायला हे काहीच नाही. खरा भुर्दंड दर अकरा महिन्यांनी वाढणाऱ्या भाड्याचा आणि पुन्हा मागितल्या जाणाऱ्या दलालीचा. म्हणून पुढच्या वेळी त्यानं 24 किंवा 36 महिन्यांची मुदत आणि दर वर्षीची वाढ आधीच कागदावर मागावी. कायद्याची आडकाठी काही नाही.

मालकाला मुदतीआधी बाहेर काढता येईल का, हे करारातल्या लॉक-इन (ठरल्या काळात करार मोडायचा नाही, ही अट) आणि नोटिशीच्या कलमांवर ठरतं. ती दोन्ही बाजूंना सारखी आहेत का, एवढं नीट पाहा. मुदत संपल्यावर मात्र थांबू नये. कलम 24 नुसार घर सोडलं नाही तर दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते.

मुलाकडून कराराची पीडीएफ मागवून घ्या. तिच्यावर दस्त क्रमांक आणि दुय्यम निबंधकाचं नाव आहे का, तिघांचीही नावं आहेत का, 3 लाखांचा आकडा आणि ते किती दिवसांत परत मिळणार ते लिहिलंय का, ते बघा. एकाचंच नाव असेल तर बाकी दोघांना कागदावर काहीच आधार नाही. नवा करार करताना ती नावं घालून घ्यायला सांगा.