अभ्यास गट : एका शब्दाचा अर्थ आणि एका गावाचा हक्क

संशोधक गावात येतो, प्रश्नावली भरून घेतो आणि निघून जातो. प्रबंध ग्रंथालयात पोचतो. ज्यांच्या उत्तरांवर तो उभा राहिला, त्यांच्या हाती काहीच पडत नाही. संशोधनातून गावात बदल व्हायचा असेल, तर प्रश्न गावाचा असावा लागतो आणि उत्तराची भाषाही गावाला कळावी लागते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण भाषेच्या अभ्यासकांनी या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

धानोरा तालुक्यातील या गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने अभ्यास गटाची पद्धत रुजली. विषय गावकरी ठरवतात. गरज पडल्यास बाहेरच्या जाणकाराला बोलावतात. अभ्यास गट चर्चा करतो, निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने.

या अभ्यासात कायद्यातील शब्दांनाही महत्त्व आले. बांबू वनस्पतिशास्त्रात गवताच्या कुळातला. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत त्याची गणना ‘झाडा’त होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला ‘गौण वनोपज’ ठरवले आणि अशा वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना वन विभागाच्याच हाती होता. कायदा समजून घेतलेले गाव या मुद्द्यावर ठाम राहिले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. पुढे २०१७ मध्ये जुन्या कायद्यातील ‘झाडा’च्या व्याख्येतूनही बांबू वगळण्यात आला.

हुबळी-धारवाडात मराठी शिकवणाऱ्यांना ही पद्धत वर्गात आणता येईल. आपल्याकडे विषय जंगलाचा नसेल, नळाचा असेल. येथील अनेक वस्त्यांत पाणी काही दिवसांआड येते. ‘पाणी आले’ याचा अर्थ कार्यालयाच्या लेखी व्हॉल्व्ह उघडला एवढाच असू शकतो. घरच्या बाईच्या लेखी शेवटची घागर भरली, असा असतो. या दोन अर्थांतील अंतर मोजणे हे भाषेच्या विद्यार्थ्याचेच काम आहे.

त्यासाठी तीन पथ्ये पाळावीत. पहिले, नोंदवहीचे रकाने वस्तीतल्या लोकांबरोबर बसून ठरवावेत : वार, वेळ, पाणी किती वेळ टिकले, किती घागरी भरल्या, कोणाची मजुरी बुडाली. दुसरे, कन्नड, मराठी, उर्दू, कोंकणी बोलणाऱ्या घरांतले शब्द जसेच्या तसे लिहावेत; प्रमाण भाषेत आणताना बऱ्याचदा अर्थच गळतो. तिसरे, महिनाभराच्या नोंदी वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचाव्यात, लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या कराव्यात आणि पुढे काय करायचे ते वस्तीलाच ठरवू द्यावे. महानगरपालिकेला निवेदन द्यायचे ठरले, तर ते कन्नडमध्ये लिहिण्यास विद्यार्थ्यांनी मदत करावी.

मराठीच्या वर्गाने कन्नड निवेदनासाठी खपावे का, असे कोणी विचारील. जिथे अर्ज वाचला जातो तिथली भाषा येणे ही भाषाशिक्षणाचीच बाजू आहे. आणि काम संपल्यावर मूळ नोंदवही वस्तीतच राहावी. महाविद्यालयाने तिची प्रत घ्यावी.