साहेबांचा हुकूम आणि जवानाचा नकार

प्रश्न : मुलगा नुकताच फौजेत भरती झालाय. ‘साहेबांनी सांगितलं की करायचं, विचारायचं नाही,’ असं म्हणतो. हुकूम चुकीचा असला तरीही? – एक पालक, सातारा

उत्तर : नव्या जवानाला हेच शिकवतात, आणि बरोबरच शिकवतात. गोळीबार सुरू असताना चर्चा परवडत नाही. पण लष्कर कायदा, १९५० मधलं कलम ४१ नीट वाचा. शिक्षा आहे ती ‘कायदेशीर’ हुकूम मोडल्याची. जाणूनबुजून अवज्ञा केली तर १४ वर्षांपर्यंत कैद.

चुकीचा हुकूम वेगळा, बेकायदा वेगळा. रजा नाकारली, भर उन्हात खंदक खणायला लावला, तर मुकाट्याने पाळायचं. अन्याय वाटला तर कलम २६ खाली तक्रार करता येते. हात बांधलेल्या कैद्याला गोळी घालायला सांगितलं, तर मात्र नकारच द्यायचा.

व्हिएतनाममधल्या माय लाय गावात १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र माणसं मारली. त्यांच्यातल्या लेफ्टनंट कॅलीने वरून आलेल्या हुकमाकडे बोट दाखवलं. लष्करी न्यायालयाने १९७१ मध्ये त्याला दोषी ठरवलंच. त्याच दिवशी ह्यू थॉम्प्सन या वैमानिकाने गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्यामध्ये हेलिकॉप्टर उतरवलं होतं. त्याला त्यासाठी ‘सोल्जर्स मेडल’ मिळालं ते थेट १९९८ मध्ये!

अवघड असतो तो मधला पट्टा. नुसती शंका असेल तर हुकूम कायदेशीर धरूनच चालावं. नकार चुकला तर कोर्ट मार्शल मुलाचंच होईल. वेळ असेल तर हुकूम पुन्हा विचारून घ्यावा, जमल्यास लेखी मागावा.