औषधांचा डबा आणि आपले घर



या अंकातील पाठासाठी आम्ही असा विषय घेतला आहे की ज्याबद्दल आपल्या घरांत कुजबूज होते, पण मोकळेपणाने बोलणे होत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या वेदनाशामक किंवा झोपेच्या गोळ्यांची लत घरातल्या माणसाला लागली, तर घरच्यांनी काय करावे, हा तो विषय.

दारूचा वास येतो, म्हणून ती कळते. गोळीला वास नाही. ती कुपत होलीमच्या पिशवीतून घरात येते, तिच्यावर आपल्या माणसाचे नाव असते. त्यामुळे लत लागली हे रोग्याला उशिरा कळते आणि घरच्यांना त्याहून उशिरा.

दक्षिणेकडील एका गावी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ कारखान्यात कामाला होते. ओझे उचलताना त्यांच्या पाठीला इजा झाली, शस्त्रक्रिया झाली आणि वेदनेसाठी ऑक्सिकोडोनच्या गोळ्या सुरू झाल्या. जखम भरली, पण गोळ्या वाढत गेल्या. महिन्याचे औषध विसाव्या दिवशीच संपू लागले. फोन केला की वहिनी सांगत, “पाठ धरली आहे, निजलेत.” कारखान्यालाही त्याच कळवीत. शब्बाथला सिनेगॉगमध्ये ते दिसेनासे झाले. एकदा आमच्या घरी मलिद्याला आले असता त्यांनी पाठ दुखते म्हटले, आणि आम्ही आमच्या डब्यात उरलेली पट्टी आपुलकीने त्यांच्या हाती ठेवली. पुढे कळले की नात्यातल्या घराघरांतून अशीच एकेक पट्टी त्यांच्याकडे जात होती. सर्वांनी मायाच केली, पण त्या मायेने आजार पोसला. या पाठातली पहिली चूक आमची स्वतःची आहे.

१. हा आजार कसा जडतो?

ऑक्सिकोडोन, ट्रॅमाडोल, कोडीन, फेंटॅनिल ही अफूच्या जातीची औषधे आहेत. डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही चिंता व झोपेसाठी देतात. दोन्ही प्रकार बरेच दिवस घेतले की शरीर त्यांना सरावते. तेवढ्याच गोळीचा गुण कमी होतो, आणि गोळी चुकली की घाम, थरकाप, जुलाब, निद्रानाश सुरू होतो. हा सराव कोणालाही होऊ शकतो. त्यात पाप नाही. परंतु गोळीसाठी खोटे बोलणे, दोन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या आणणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, हे आले म्हणजे लत लागली असे समजावे.

आपल्या शास्त्र्यांनाही हे ठाऊक होते. तालमूदच्या पेसाहीम भागात रव यांनी मुलाला केलेल्या उपदेशात औषधे पिण्याची सवय लावू नये असे आहे. टीकाकार कारण देतात की शरीराला ते जडते, मन मागू लागते आणि पैसा जातो. याचा अर्थ औषध वाईट असा नव्हे. कर्करोगाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या वेदनेत ही औषधे मोठे वरदान आहेत.

डॉक्टरांचीही यात फसगत झाली आहे. अमेरिकेत १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले. त्याची लत लागण्याच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा उत्पादक कंपनीने २००७ साली न्यायालयात कबूल केला. इस्रायलातही २०१० नंतरच्या दशकात अशा औषधांचा वापर झपाट्याने वाढला. तेव्हा आपलाच माणूस दुबळा निघाला, असे म्हणून घरच्यांनी कपाळ बडवून घेऊ नये.

२. काय करू नये?

वहिनींनी एके रात्री सगळ्या गोळ्या संडासात टाकून पाणी सोडले. पुष्कळ घरांत असेच होते. राग समजण्यासारखा आहे, पण हे घातक आहे. चिंता व झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. अफूच्या जातीच्या गोळ्या थांबवल्यावर होणारा त्रास सहसा जीव घेत नाही, पण तो सहन न होऊन माणूस वाटेल तेथून गोळी मिळवतो. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी. काहींना ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देतात. हे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे लावणे, असे टोमणे कोणी मारू नयेत. त्या औषधांनी जीव वाचतात.

आणखी एक गोष्ट. त्याच्या वतीने खोटे बोलू नये. कामावर खोटा निरोप, उसन्या पैशांची गुपचूप परतफेड, पाहुण्यांपुढे बहाणे, हे सारे आपण अब्रूसाठी करतो. झाकल्याने अब्रू चार दिवस राहते, पण आजार वर्षानुवर्षे वाढतो.

३. काय करावे?

बोलायचे ते तो शुद्धीवर असताना, एकांतात, थोडक्यात बोलावे. “तुम्ही आम्हाला हवे आहात. डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येते. पण तुमच्यासाठी खोटे बोलणार नाही.” एवढे पुरे. कुपत होलीमच्या आपल्या डॉक्टरांना घेतलेल्या सर्व गोळ्यांचा खरा आकडा सांगावा. नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात व्यसनाचे काम पाहणारे समाजसेवक असतात. घरच्या माणसाने आधी एकट्यानेही तेथे जाऊन सल्ला घ्यावा.

घरातला डबा कुलपात ठेवावा आणि उरलेली औषधे औषधालयात परत द्यावी. कोणाचे औषध कोणाला देऊ नये.

४. पुन्हा पाय घसरला तर

बरे होणे ही सरळ वाट नसते. पुन्हा गोळी घेतली म्हणजे सारे वाया गेले असे नव्हे, पण तीच सर्वांत धोक्याची घडी असते. काही आठवडे गोळ्या बंद राहिल्या की शरीराचा सराव उतरतो, आणि पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरते. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असली तर श्वास अधिकच मंदावतो. माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास संथ किंवा घरघरता असेल, ओठ निळे पडले असतील, तर ‘झोपू द्या’ म्हणू नका. ताबडतोब १०१ ला फोन करा. नालोक्सोन हे उतारा देणारे औषध घरी ठेवावे काय, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

५. घरच्यांचेही औषध

रब्बी अब्राहाम ट्वेर्स्की हे मानसोपचारतज्ज्ञही होते. त्यांनी १९७२ साली पिट्सबर्ग येथे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले आणि २०२१ साली ते यरुशलेम येथे वारले. यहुदी घरांत व्यसन नसते, ही समजूत खोडण्यासाठी ते आयुष्यभर झटले. व्यसनी माणसाच्या बायकोमुलांनाही आधार लागतो. ती झोपत नाहीत, खिसे तपासतात, मुले स्वतःलाच दोष देतात. अशा कुटुंबीयांसाठी सभा भरतात, तेथे जावे. रात्री मन फार खचले तर एरानच्या १२०१ या क्रमांकावर बोलता येते. मुलांना त्यांच्या वयाला समजेल असे खरे सांगावे: “बाबा आजारी आहेत, यात तुझी चूक नाही.”

आमचे ते गृहस्थ आज ब्युप्रेनॉर्फिनवर आहेत. मध्ये एकदा ते घसरले होते. पाठ अजून दुखते. पण मागच्या सणाला ते सिनेगॉगमध्ये आले, तेव्हा कोणी काही विचारले नाही. शेजारी जागा करून दिली. वहिनी हल्ली फोनवर म्हणतात, “आज दिवस बरा गेला नाही, भाऊ.” ते खरे असते, म्हणून आम्हालाही काय करावे ते कळते.

घरी विचार करण्यासाठी:
(१) आपल्या डब्यात कोणाच्या नावाच्या, किती जुन्या गोळ्या आहेत?
(२) मलिद्याला किंवा लग्नाला हल्ली कोण येत नाही? त्यांच्या घरी शेवटचे केव्हा गेलो?